वजनाचं ऑपरेशन: करायचं का, आणि ठरल्यावर काय काय

गेल्या वर्षी श्रावणात माझं वजन ११२ किलो होतं. उंची १६० सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा) जवळपास ४४. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, ८.९, बीपीची गोळी चालू आणि वय ४२. आमच्या पतसंस्थेचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे. रोज वर पोचले की कॅश काउंटर उघडण्याआधी धाप ओसरायची वाट बघत बसायचे. शुगर बघणाऱ्या डॉक्टरांनीच पहिल्यांदा विषय काढला. म्हणाले, "गोळ्या वाढवत नेण्यात अर्थ नाही. बॅरिॲट्रिक सर्जनला, म्हणजे वजनाचं ऑपरेशन करणाऱ्यांना, एकदा भेटून तरी या."

मी लगेच गेले नाही. कोल्हापुरात जाड असणं हा फार मोठा दोष मानत नाहीत. तालमीचं गाव आहे. गंगावेशीत दूधकट्ट्यावर म्हैस समोर पिळून ग्लास हातात देतात, आणि पाहुण्याला "एवढंच व्हय?" असं विचारल्याशिवाय जेवण पुरं होत नाही. "तब्येत चांगली हाय" हे इथं कौतुक असतं. त्यामुळे वजनासाठी पोट कापून घ्यायचं म्हटलं की लोकांना तो आळशी माणसाचा उद्योग वाटतो. सासूबाई म्हणाल्या, "अगं, रंकाळ्याला दोन फेऱ्या मार की. कापाकापी कशाला?" रंकाळ्याच्या फेऱ्या मी कितीतरी वर्षं मारत होते. कीटो झालं, जीएम डाएट झालं, महिन्याला पैसे घेऊन चार्ट पाठवणाऱ्या एक बाई झाल्या. दर वेळी दहा-बारा किलो उतरायचं आणि वर्षाच्या आत व्याजासकट परत यायचं.

याचं कारण मला पुढे सर्जनकडे कळलं. वजन उतरलं की शरीर ते संकट समजतं. भुकेचं घ्रेलिन नावाचं हार्मोन वाढतं आणि बसल्या जागी खर्च होणाऱ्या कॅलरी कमी होतात. म्हणजे बारीक झालेल्या माणसाला आधीपेक्षा जास्त भूक घेऊन आधीपेक्षा कमी खायचं असतं, आणि तेही कायम. हे ऐकून मला रडू आलं. इतकी वर्षं लोक म्हणत होते की मनावर ताबा नाही, आणि मीही मान डोलावत होते.

ऑपरेशनचे मुख्य प्रकार दोन. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण पाऊण भाग कापून काढतात आणि केळ्याएवढी नळी उरते. घ्रेलिन जिथं जास्त तयार होतं तो भागही त्यात जातो. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. उरलेलं जठर आतच राहतं, पण अन्न तिकडं जात नाही. बायपासचा डायबेटिसवर जास्त चांगला परिणाम होतो. मात्र जीवनसत्त्वं आणि लोह कमी शोषलं जातं, म्हणून गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. स्लीव्हनंतरही गोळ्या असतातच, हे लोक सोयीनं विसरतात.

इंजेक्शनचा पर्याय मी स्वतः विचारला, कारण मार्च २०२५ मध्ये मौंजारो हे वजन उतरवणारं इंजेक्शन भारतात आलं तेव्हापासून ऑफिसात तोच विषय होता. डॉक्टरांनी ते उडवून लावलं नाही. म्हणाले, चांगलं औषध आहे, सरासरी पंधरा ते वीस टक्के वजन उतरतं, पण बंद केलं की बहुतेकांचं परत चढतं. मी कागदावर मांडलं. ११२ चे वीस टक्के म्हणजे बावीस किलो, तरी मी नव्वदीच्या घरात, आणि दर महिन्याचा खर्च न संपणारा. ऑपरेशननं तीस टक्क्यांच्या आसपास उतरतं. माझ्यापेक्षा वीस-पंचवीस किलोनं कमी वजनाच्या बाईनं हाच हिशेब केला तर उत्तर वेगळं येईल, आणि ते बरोबरच असेल.

मी दोन सर्जनना भेटले. पहिल्या ठिकाणी पाच मिनिटांत "याच आठवड्यात करून टाकू, पॅकेजमध्ये सूट आहे" असं ऐकलं आणि उठले. साड्यांच्या सेलला जायचं असतं तर थांबले असते. दुसऱ्या ठिकाणी आधी तासभर माहिती दिली आणि मग माझे प्रश्न ऐकून घेतले. मी वहीत लिहूनच नेले होते. तुम्ही वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता? जोडणीतून गळती झाली तर रात्री दोन वाजता कोण येणार? आहारतज्ज्ञ ऑपरेशनपुरत्या आहेत की नंतरही? दगावण्याचा धोका किती? त्यांनी सरळ सांगितलं की धोका शून्य नाही. हजारात एखाद-दुसरा माणूस जातो, साधारण पित्ताशयाच्या ऑपरेशनइतका धोका धरा. शंभरात एखाद्याला गळतीचा त्रास होतो आणि काहींना पुन्हा टेबलावर घ्यावं लागतं. मिस्टर तोवर गप्प होते, ते इथं पहिल्यांदा बोलले: "आणि नाही केलं तर?" या प्रश्नाचं उत्तर माझ्या रिपोर्टमध्येच होतं.

मग तपासण्या सुरू झाल्या. रक्ताच्या तर होत्याच: थायरॉइड, लिव्हर, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), जीवनसत्त्व बी-१२, डी. शेवटचे दोन माझे तळाला होते. उन्हाच्या गावात राहून डी कमी कसं, असं लॅबमधल्या मुलीलाच विचारलं, तर ती म्हणाली, "मॅडम, सगळ्यांचंच कमी येतंय." सोनोग्राफी पित्ताशयासाठी, कारण वजन झपाट्यानं उतरताना खडे होतात. हृदयाची टूडी एको, छातीचा फोटो, फुप्फुसाची चाचणी. झोपेच्या तपासणीला अंगाला वायरी लावून झोपायचं होतं. रात्रभर माझा श्वास मध्येमध्ये थांबतो, हे त्यात दिसलं. मिस्टर म्हणाले, हे मी दहा वर्षं सांगतोय. मग ऑपरेशनपर्यंत रोज रात्री सीपॅपचं मशीन लावायचं ठरलं, ते मास्कमधून हवेच्या दाबानं श्वासाची वाट उघडी ठेवतं. भूल देताना आणि उतरताना श्वासाचा धोका कमी व्हावा म्हणून ते गरजेचं असतं. मास्क लावल्यावर मी फायटर विमानाच्या पायलटसारखी दिसते असं धाकट्याचं मत, पण आठवडाभरात सकाळचं डोकं दुखणं थांबलं.

सगळ्यात महत्त्वाची ठरली ती एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून जठर बघणं. तोवर माझ्या डोक्यात स्लीव्ह पक्कं होतं, कारण "आतडं हलवत नाहीत" म्हणून ते मला सौम्य वाटत होतं. एंडोस्कोपीत हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीकडे सरकलेला) दिसला आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला ॲसिडनं झालेली सूज. मिसळ खाल्ल्यावर जळजळणारच, असं धरून मी वर्षानुवर्षं गोळ्या चघळत होते. स्लीव्हनंतर ही जळजळ वाढू शकते, म्हणून सर्जननी बायपास सुचवला. शिवाय एच. पायलोरी नावाचे जिवाणूही निघाले. त्यासाठी दोन आठवडे अँटिबायोटिक, मग पुन्हा तपासणी. सासूबाईंना ऑपरेशन नवरात्र झाल्यावरच हवं होतं, आणि या जिवाणूंनी त्यांचा शब्द राखला.

मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं तेव्हा मला राग आला होता. प्रत्यक्षात त्यांनी एवढंच विचारलं: तुम्ही कधी खाता? मी नाश्ता, डबा, रात्रीचं जेवण सांगितलं. "आणि मध्ये?" मग सांगितलं. सगळे झोपल्यावर ओटा आवरताना उभ्याउभ्या, पातेल्यातलं उरलेलं. ती दिवसातली माझी एकटीची पंधरा मिनिटं असतात. त्या म्हणाल्या, "जठर लहान होईल, ही पंधरा मिनिटं तशीच राहतील. त्या वेळेचं काय करणार ते आत्ताच ठरवा." आमच्या घरात आता ओटा मोठा मुलगा आवरतो. बारावीत आहे, कुरकुरतो, पण आवरतो.

विम्याचं प्रकरण मात्र डोकं उठवणारं. विमा नियामकाच्या नियमानुसार वजनाच्या ऑपरेशनला पैसे मिळायचे तर वय १८ पूर्ण लागतं, डॉक्टरांचा सल्ला लागतो, आणि बीएमआय किमान ४० किंवा किमान ३५ असून सोबत गंभीर आजार लागतो. हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास थांबणं), काबूत न येणारा टाइप २ डायबेटिस असे. शिवाय साधे उपाय करून झाले आणि फसले हेही दाखवावं लागतं. इथं माझ्या जुन्या चिठ्ठ्या, चार्टवाल्या बाईंच्या पावत्या, सगळं कामाला आलं. एवढं करूनही कंपनीनं दोनदा शंका काढली. माझी पॉलिसी जुनी होती म्हणून प्रतीक्षा काळाचा, म्हणजे पॉलिसी काढल्यावर ठरावीक काळ काही उपचारांचे पैसे न मिळण्याचा, प्रश्न आला नाही. नवी पॉलिसी काढून लगेच ऑपरेशन करू म्हणणाऱ्यांनी तो मुद्दा आधी वाचावा.

या सगळ्यात निर्णय नेमका कधी झाला? दवाखान्यात झालाच नाही. आहारतज्ज्ञांनी ऑपरेशननंतरचे नियम हातात दिले आणि मी ते ऑपरेशनआधीच पाळून बघायचं ठरवलं. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. घास बारीक होईपर्यंत चावायचा. आधी प्रथिनं, मग भाजी, जागा उरली तर भाकरी. वाटीभर जेवण वीस-पंचवीस मिनिटं. आखाडाच्या जेवणावळी नुकत्याच झाल्या होत्या आणि पुढे गौरी-गणपती होते, तेव्हा परीक्षा चांगलीच कडक होती. भूक लागायची, ती लागणारच होती कारण जठर तेवढंच होतं. मला भूक बघायची नव्हती. पंगतीत सगळे रस्सा ओरपत असताना वाटी पुढं घेऊन शांत बसता येतं का, एवढं बघायचं होतं. पहिले दिवस नाही आलं. मग यायला लागलं, आणि लोकांचं लक्ष दोन मिनिटांच्या वर टिकत नाही हेही कळलं. त्यानंतर मी तारीख मागितली.

ऑफिसातल्या मैत्रिणीला सांगितलं तर म्हणाली, "मी तुझ्या जागी असतो तर कवाच करून घेतलो असतो." बाकीच्यांना मी 'पोटाचं ऑपरेशन' एवढंच सांगितलं. कुणाला किती सांगायचं हा आपला हक्क आहे.

शेवटचे दोन आठवडे लिव्हरचं डाएट. जाड माणसाचं लिव्हर चरबीनं फुगलेलं असतं आणि त्याचा डावा भाग नेमका जठरावर येतो. पिष्टमय पदार्थ बंद केले की ते आकसतं आणि सर्जनला दुर्बिणीतून जागा मिळते. भात, भाकरी, साखर, बटाटा बंद. प्रोटीन पावडर, ताक, अंड्याचा पांढरा भाग, पालेभाजी, मुगाचं पातळ वरण चालू. शेजारच्या काकू म्हणाल्या, "पातळच पायजे तर पांढरा रस्सा पी की!" आहारतज्ज्ञ हसल्या. नारळाचं दूध आणि तेल नको, पण मटणाचं गाळलेलं अळणी, म्हणजे बिनमसाल्याचं मटण शिजवलेलं पाणी, चालेल म्हणाल्या. आमच्याकडं आजारी माणसाला अळणी देतातच, त्यामुळे सासूबाईंना एकदम कामाला लागल्यासारखं झालं. इतके दिवस विरोध करणाऱ्या बाईनं रोज ताजं अळणी गाळून थर्मासात भरून दिलं.

खाणं कमी झालं की शुगर खाली घसरू शकते, म्हणून डायबेटिसच्या गोळ्या डॉक्टरांनी कमी केल्या. डापाग्लिफ्लोझिन तर ऑपरेशनच्या काही दिवस आधी पूर्ण बंद. ही गोळी घेणाऱ्यांनी भूलतज्ज्ञांना न विसरता सांगावं, उपाशीपोटी तिचा वेगळा धोका असतो. रोज तीन चेंडूंच्या यंत्रानं श्वासाचा व्यायाम केला. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून घालायचे घट्ट मोजे आधीच घालून बघितले. ते चढवायला दोन माणसं लागतात, हे दवाखान्यात कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

ऑपरेशन दिवाळीनंतर झालं. दुर्बिणीनं, पोटावर पाच छोटी छिद्रं. संध्याकाळी चालवलं, आणि खांद्यात गॅसचं दुखणं टाक्यांपेक्षा जास्त होतं. आता वजन ८१ आहे, डायबेटिसची एकच गोळी उरली आहे, बीपीची सुटली. चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गेले. ते परत येतात असं सांगितलं होतं आणि येताहेत. ब्रुफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या कायमच्या बंद, कारण जोडणीपाशी अल्सर होतो. गोड जास्त झालं की घाम फुटतो आणि छाती धडधडते, म्हणून गणपतीला मोदक अर्धाच असणार आहे.

ऑपरेशनचे पैसे विम्यानं दिले, पण जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि दर काही महिन्यांनी होणाऱ्या रक्ताच्या तपासण्या खिशातून जातात. महिन्याला दोन हजारांच्या आसपास धरा, आणि हा आकडा दवाखान्याच्या अंदाजपत्रकात नसतो, तो स्वतः मागून घ्या.