साडेसात सीसीचं दुखणं

आमच्या गॅरेजात कार्बोरेटर, म्हणजे हवेत इंधन मिसळून इंजिनाला देणारा भाग, खोलायला आता आठवड्याला एखाद-दुसरी गाडी येते. १ एप्रिल २०२० पासून धुराचा नवा नियम, बीएस-६ आला, नव्या गाड्यांना कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन बसलं आणि जुन्या चेतक स्कूटर, आरएक्स बाईकवर हात बसलेल्या आमच्यासारख्यांचं निम्मं कसब फळीवर जाऊन पडलं. त्यामुळे परवा इंजिनिअरिंगची तीन पोरं कापडी पिशवीतून इंजिन घेऊन आली तेव्हा मी हातातली बाईक तशीच सोडली. इंजिन, आणि पिशवीतून! तळहातावर मावेल एवढं. रिमोटवर उडणाऱ्या विमानाचं. ०.४६ घन इंच म्हणून पोरं त्याला 'फोर्टी सिक्स' म्हणत होती. आपल्या हिशेबात साडेसात सीसी.

"काका, कार्बोरेटर हलतोय. आवळून द्या फक्त."

गिऱ्हाईक 'फक्त' म्हणालं की मी घड्याळ बघतो.

हातात घेऊन पंखा फिरवला तर पिस्टन वर जाऊन अडकला. म्हटलं, अरे हे तर जाम झालंय. त्यांच्यातली मुलगी हसली. म्हणाली, "काका, थंड असताना वर घट्टच लागतं. पिस्टनला रिंगाच नाहीत. सिलेंडर वर निमुळता आहे, तापला की मोकळा होतो." तीस वर्षं टू-स्ट्रोक खोलतोय आणि हे मला ठाऊक नव्हतं. मुकाट्यानं ऐकून घेतलं.

कार्बोरेटर बघितला तर त्याला वाटी नाही, फ्लोट नाही. आरपार भोक पाडलेली एक आडवी नळी, ती फिरली की हवेची वाट कमी-जास्त होते. बाजूला इंधन कमी-जास्त करायची एक सुई. टाकीतलं इंधन पुढे ढकलायला सायलेन्सरमधूनच बारीक नळी टाकीला जोडलेली. खालचं नरडं इंजिनाच्या गळ्यात बसतं, मध्ये एक ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, आणि आडवा दांडा नटानं ओढून त्या नरड्याला धरून ठेवतो. बस, एवढंच. तिथून हवा-इंधन पोकळ क्रँकमधून आत जातं.

फळीवर बसवून फळी व्हाइसमध्ये पकडली आणि इंजिन चालू केलं. ठिणगी नाहीच. प्लगमध्ये तार असते, ती दीड व्होल्टवर लाल करायची, इंजिन धरलं की बॅटरी काढून घ्यायची. पुढे तार आपली आपण लाल राहते. फुल थ्रॉटलला ठीक वाजत होतं. खाली आणलं की एकदम रेस व्हायचं, मग खोकून बंद. पोरांनी यावर सुई उघडत उघडत चार फेऱ्यांवर नेली होती.

हे दुखणं मी हजार वेळा ऐकलंय. गाडी एअर घेतेय, म्हणजे सांध्यातून चोरटी हवा आत जातेय. स्कूटरला आम्ही सांध्यावर पेट्रोलचा फवारा मारतो. आवाज बदलला की चोर सापडला. इथे इंधन मिथेनॉल, त्याची ज्योत उन्हात दिसतही नाही, आणि वर पंखा बोटांपासून वीतभर. तो प्रकार नकोच. इंजिन बंद करून नरड्याभोवती ग्रीसचा जाड थर दिला आणि परत चालू केलं. अर्धा मिनिट आयडलिंग कसं एका सुरात! मग ग्रीस खेचलं गेलं आणि पुन्हा खोकला.

आता इथे मी चुकलो. स्कूटरच्या हातानं नट आवळला. कार्बोरेटर हलायचा थांबला, पण थ्रॉटलची नळीही फिरेना. अॅल्युमिनियमचं नरडं, त्याला मी चिमटलं होतं. पोरं काही बोलली नाहीत, एकमेकांकडे बघितलं तेवढं. नट सैल करताच नळी सुटली. नशीब माझं, कायमचा दाब बसला नव्हता.

पूर्ण काढला. ओ-रिंग चपटी झालेली, एका बाजूला कापलेली. माझ्या रिंगांच्या डब्यात मापाची चौथ्या प्रयत्नात मिळाली. थेंबभर तेल लावून बसवली, कार्बोरेटर बोटानं खाली दाबून धरला आणि तसाच धरून नट बेतानं आवळला. चालू करायला गेलो तर इंजिन इंधनात बुडालं. चोरटी हवा बंद झाल्यावर चार फेऱ्यांचं इंधन कोण पिणार? सुई अडीचवर आणली तेव्हा कुठे धरलं.

चहा सांगितला. दोनदा चालवलं, सुरेख. तिसऱ्यांदा पुन्हा तोच खोकला. बोट लावलं तर कार्बोरेटर परत हलतोय.

मग मात्र चिडून इंजिन बंद ठेवलं आणि पोराला म्हटलं, तू नुसतं रिमोटवर थ्रॉटल वर-खाली कर. वाकून बघत राहिलो. नळी पूर्ण उघडून थांबली, तरी सर्वोची, म्हणजे थ्रॉटल हलवणाऱ्या छोट्या मोटरची, तार पुढे ढकलतच होती. नळीला आता जायला जागा नाही, मग सगळा जोर कार्बोरेटरच्या अंगावर. प्रत्येक फुल थ्रॉटलला तो गळ्यातल्या गळ्यात केसभर पिळत होता. रिंग कापली गेली ती त्यानंच.

"ही तार कुणी बसवली?"

दोघांनी तिसऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "वर्कशॉपमध्ये घाईत बसवली, काका."

तार सर्वोच्या पाकळीवर आतल्या भोकात घेतली. आतलं भोक म्हणजे हालचाल कमी. नळी थांबते तिथेच तार थांबेल असं जुळवलं, नट पुन्हा बघितला आणि टाकी रिकामी होईपर्यंत वर-खाली पळवलं. बोट लावलं. ढिम्म हललं नाही.

रिंगेचे दहा रुपये घेतले. मजुरी घ्यायला जीव झाला नाही, आणि खरं तर अर्धा वेळ मीच शिकत होतो. रविवारी उडवणार आहेत, या म्हणालेत.

त्या इंधनात एरंडेल असतं, जळकं एरंडेल अंगाला बसतं. रात्री घरात पाऊल ठेवलं तर स्वयंपाकघरातून आवाज आला, "आज कुणाचं पोट साफ करून आलात?"