तुम्ही विचारलंत म्हणून : चार नंबरची नोंद

दर 15 एप्रिलला मी टायटॅनिक जहाज बुडालं तेव्हा जीव गेलेल्यांची काही नावं मोठ्याने वाचते. हे कळलं की लोक विचारतात, "ना नात्याची ना गोत्याची माणसं, जाऊन शंभरावर वर्षं झाली. तुम्हाला त्यांचं एवढं काय?"

कारण आहे एका मुलाची नोंद.

1912 च्या त्या एप्रिलमध्ये मृतदेह शोधायला कॅनडातल्या हॅलिफॅक्सहून मॅके-बेनेट हे जहाज गेलं. एरवी त्याचं काम समुद्रातल्या तारा दुरुस्त करायचं. त्याला 306 मृतदेह सापडले. 116 जणांना विधी करून समुद्रातच निरोप दिला, उरलेल्यांना किनाऱ्यावर आणलं. हॅलिफॅक्सच्या मृत्युनोंदणीचं काम पाहणाऱ्या जॉन हेन्री बार्नस्टेड यांची पद्धत अशी : प्रत्येक देहाला एक नंबर, अंगावरच्या वस्तूंच्या कापडी पिशवीवर तोच नंबर आणि वहीत बारीकसारीक वर्णन. माणसाचा नुसता आकडा झाला, असं आपण हळहळून म्हणतो. इथे त्या आकड्यानेच माणूस हरवू दिला नाही.

चौथ्या नंबरची नोंद मला तोंडपाठ आहे. मुलगा, वय अंदाजे दोन, केस सोनेरी. गळ्याशी आणि मनगटाशी फर लावलेला राखाडी कोट. आत गुलाबी लोकरीची बंडी. तपकिरी बूट. ओळखीची कुठलीही खूण नाही. लिहिणाऱ्याने कोटाच्या आतली बंडीसुद्धा सोडली नाही. ओळख पटवायला कोणीतरी येईल, ही आशा त्या ओळींत मला स्पष्ट दिसते.

कोणीच आलं नाही. मॅके-बेनेटच्या खलाशांनी स्वतःच्या पैशातून 'अनोळखी मूल' म्हणून दगड उभारला. आठवणी म्हणून कोणी पळवू नयेत यासाठी मृतांचे कपडे जाळायचे ठरलं होतं, पण एका पोलीस सार्जंटला ते चिमुकले बूट जाळवेनात. त्याने ते टेबलाच्या खणात ठेवून दिले. 2002 मध्ये त्याच्या घरच्यांनी ते हॅलिफॅक्सच्या सागरी संग्रहालयाला दिले. त्याच वर्षी डीएनए तपासणीवरून ते मूल तेरा महिन्यांचं एक फिनिश बाळ असल्याचं जाहीर झालं होतं. पण बूट तेवढ्या बाळाला मोठेच होते! पुन्हा तपासणी झाली आणि 2007 मध्ये खरं नाव मिळालं : सिडनी गुडविन, एकोणीस महिने.

इंग्लंडहून अमेरिकेत बिऱ्हाड हलवायला निघालेलं आठ जणांचं हे कुटुंब तिसऱ्या वर्गात होतं. आठातलं कोणीच वाचलं नाही. सापडला तो फक्त सिडनी. बाकी सातांच्या वाट्याला नंबरही आला नाही, म्हणून सुरुवात मी त्यांच्यापासून करते : फ्रेडरिक, ऑगस्टा, लिलियन, चार्ल्स, विल्यम, जेसी, हॅरॉल्ड.