झेनॉन बल्ब बदलायचाय? आधी जुन्यावरचा कोड वाचा

माझ्या गाडीचा डावा हेडलाइट महिनाभर गुलाबीसर दिसत होता आणि मधेच बंद पडायचा, म्हणजे बल्बचं आयुष्य संपत आलेलं. स्वस्तातला शोधायला बसलो तेव्हा कळलं की किमतीच्या आधी कोड बघायचा, तो जुन्या बल्बच्या बुडाशी छापलेला असतो, डी१एस, डी२एस, डी३एस असा. डी१एस आणि डी३एस दिसायला सारखेच पण पहिला ८५ व्होल्टवर चालतो आणि पाऱ्याशिवायचा डी३एस ४२ वर, त्यामुळे अदलाबदल अजिबात नको. कोडच्या शेवटी एस असेल तर प्रोजेक्टरवाल्या (पुढे गोल भिंग असलेल्या) हेडलाइटचा, आर असेल तर रिफ्लेक्टरवाल्या (मागे चकचकीत वाटी असलेल्या) हेडलाइटचा.

रंगाचं म्हणाल तर ४३०० केल्विनच (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) घ्या, ६००० वाला निळसर पांढरा भारी दिसतो खरा पण उजेड कमी देतो आणि पावसात तर ते फारच जाणवतं. पैसे वाचवायचे तर साध्या ३५ वॅटच्या स्टँडर्ड बल्बवर वाचवा, ‘एक्स्ट्रा ब्राइट’ वगैरेची गरज नाही, पण जोडीच घ्या, एकच बदलला की दोन्हीकडचा रंग वेगळा दिसतो.

आणि प्लीज, लाइट बंद करूनच हात घाला, पेटताना तिथे २० हजार व्होल्टच्या वर जातं. बल्बच्या काचेला बोट लावू नका.