बाबांची केस संपली, मग बैठकीला अजून कशाला?

"बाबा गेले, भरपाईही मिळाली, मग त्या आजारी कामगारांच्या बैठकीला दर महिन्याला अजून कशाला जातेस?" विचारणारे इतके झालेत की एकदा सगळ्यांना मिळून सांगते.

भरपाई मिळाली ती बाबांच्या फुप्फुसांची. आईच्या नाही.

बाबा ब्रेक लायनिंगच्या कारखान्यात, ग्राइंडिंग खात्यात होते. ब्रेकला लावायच्या ॲस्बेस्टॉसच्या पट्ट्या घासायच्या, आणि त्या बारीक तंतूंची धूळ छातीत जायची. धुळीवर उतारा म्हणून कंपनी गूळ द्यायची. आधी टीबी म्हणून औषधं झाली, मग दम्याचे पंप. "कुठल्या खात्यात होतात?" हे पहिल्यांदा विचारलं ते बैठकीतल्या एका रिटायर कामगाराने, डॉक्टरने नाही. आणि हो, बाबा बिडी ओढायचे. बिडी आणि ॲस्बेस्टॉस एकत्र आले की फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका कैक पटींनी वाढतो, मान्य. पण ॲस्बेस्टोसिस, म्हणजे त्या तंतूंनी फुप्फुस कडक होत जाणं, बिडीने होत नाही. हे मी किती जणांना सांगायचं?

आईचं नंतर निघालं. बैठकीतल्या लोकांनी तपासणी शिबिर भरवलं होतं. तिच्या एक्स-रेत फुप्फुसाचं आवरण दोन्ही बाजूंनी जाड झालेलं दिसलं. बाबांचा युनिफॉर्म ती रोज दारात झटकायची, मग मोरीत घासायची. तंतू शरीरात गेल्यावर वीस-तीस, कधी चाळीस वर्षांनीही आजार वर येतो.

फाइल घेऊन मी तिला भरपाईच्या ऑफिसात नेलं. जिना चढताना ती दोनदा थांबली. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "तिकीट नंबर?" मी बाबांचा कारखान्यातला नंबर सांगितला. "यांचा?" म्हटलं, या कामगाराच्या बायको. तो उर्मट नव्हता. त्याने कागद उलटसुलट पाहिले, म्हणाला, "ताई, यात बायको बसत नाही. कामगारच लागतो." मी आवाज चढवला. कपडे कोणाचे होते, धूळ कोणाची होती? मागची रांग बघायला लागली. आईने माझा दंड धरला आणि त्याला म्हणाली, "तुमचा काय दोष, साहेब." मग धाप लागून तिथल्याच बाकावर बसली. तिने माफी मागितल्यासारखं बोलावं, हे मला आजही सहन होत नाही.

पुढच्या बैठकीत ऑक्सिजन लावून आलेल्या एका काकांनी बायकांना विचारलं, "कपडे कोणी कोणी धुतले?" जवळजवळ सगळ्यांचे हात वर गेले. तेव्हापासून मी ती यादी ठेवते: नाव, कुठल्या खात्याचे कपडे, किती वर्षं. सुप्रीम कोर्टाने १९९५ साली कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यात जे उशिराचं असेल तोवर ठेवायला सांगितलं. तो निकालही कामगारांपुरता. बायकांची नोंद कोण ठेवणार?

त्या यादीने एका बाईलाही पैसा मिळालेला नाही. बाबांच्या केसच्या वेळी मीच म्हणायचे, मिळेल ते घ्या आणि घरी बसा, लढून फुप्फुस परत येत नाही. ते आजही खोटं ठरलेलं नाही. या आजाराला औषध नाही. कधीकधी परत येताना लोकलमध्ये वाटतं, आपण फक्त मरणाऱ्यांची नावं लिहितोय. तरी कोणाचं ऑक्सिजनचं मशिन बंद पडलं की रात्री फोन बैठकीतल्याच माणसाला जातो, आणि तो उचलतो.

परवा आत्याने हेच विचारलं. धाकट्याच्या वेळी आई बाळंतपणाला गेली, तेव्हा बाबांचे कपडे आत्याच धुवायची. म्हटलं, आत्या, छातीचा एक्स-रे काढलायस का? ती चिडली. येत्या रविवारी तिलाही चल म्हटलंय. अजून हो म्हणालेली नाही.