समालोचन मोजणारी माणसं

सोमवार

अभ्यास मंडळाच्या बैठकीत आज पुन्हा तोच सूर निघाला. 'खेळ आणि माध्यमं' हा पेपर ऐच्छिकच राहू दे, मुलांना तेवढाच विरंगुळा, असं एक ज्येष्ठ सहकारी सहज बोलून गेले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं. निवडणुकीची भाषणं अभ्यासणाऱ्याला कुणी विरंगुळा म्हणत नाही. आणि इथे कोट्यवधी माणसं एका वेळी एकच गोष्ट बघतात, एकच आवाज ऐकतात, त्यातून देश, शरीर, बाई, पुरुष, हार, पैसा यांबद्दलच्या समजुती घेऊन उठतात. त्याचा अभ्यास मात्र हलका!

वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतही क्रीडा विभागाला 'खेळण्यांचं खातं' म्हणून हिणवण्याची जुनी रीत आहे. डेव्हिड रो या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासकाने २००७ साली आपल्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच विचारलं होतं, की हे खातं अजून खेळण्यांचंच राहिलंय का? प्रश्न पत्रकारांना होता, पण आम्हा शिकवणाऱ्यांनाही तो लागू पडतो. या विषयाला स्वतःची नियतकालिकं मिळाली तीच मुळी या शतकात. 'जर्नल ऑफ स्पोर्ट्स मीडिया' २००६ मध्ये सुरू झालं, 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ स्पोर्ट कम्युनिकेशन' २००८ मध्ये, 'कम्युनिकेशन अँड स्पोर्ट' २०१३ मध्ये. त्याआधीचे लोक मानसशास्त्राच्या, समाजशास्त्राच्या अंगणात जागा मागून लिहीत होते. त्यातलं कितीतरी आजही पहिल्या वाचनाइतकंच ताजं वाटतं.

बैठकीत मी फार बोलले नाही. वेळ संपत आली होती आणि पुढचा मुद्दा परीक्षेच्या वेळापत्रकाचा होता.

बुधवार

आज आइस हॉकीचा तास. म्हणजे कॉमिस्की, ब्रायंट आणि झिलमन यांच्या १९७७ सालच्या प्रयोगाचा. हा तास घ्यायला मला मनापासून आवडतं.

त्यांनी व्यावसायिक आइस हॉकीच्या प्रक्षेपणातून दोन तुकडे निवडले. एकात खेळाडू खरोखर एकमेकांवर आदळत होते, पण समालोचक त्याबद्दल फारसं काही म्हणत नव्हते. दुसऱ्यात खेळ साधाच होता आणि समालोचक मात्र केवढी धुमश्चक्री चालली आहे, असं रंगवून सांगत होते. काही प्रेक्षकांनी हे तुकडे आवाज बंद ठेवून पाहिले, काहींनी समालोचनासकट. नुसतं चित्र पाहणाऱ्यांना आडदांड खेळ आडदांड दिसला, साधा तो साधा दिसला. समालोचन ऐकणाऱ्यांचं उलटं झालं, त्यांना साधा खेळच जास्त आडदांड वाटला. चित्र तेच होतं, पण कानाने डोळ्यावर मात केली.

मुलांना हे नुसतं सांगून पटत नाही, आणि पटू नयेच. म्हणून आधी आवाज बंद करून एका फुटबॉल सामन्यातला तुकडा दाखवला आणि काय दिसलं ते लिहायला सांगितलं. मग तोच तुकडा आवाजासह. पहिल्या कागदांवर पास, धाव, चुकलेली किक, गोलरक्षकाची उडी. दुसऱ्या कागदांवर 'दबाव', 'थकवा', 'सूड', 'अनुभव पणाला लावला'. शेवटच्या बाकावरच्या मुलीने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, थकवा मला दिसला नव्हता. मला तो सांगितला गेला."

पुढच्या अर्ध्या तासाचं माझं व्याख्यान मी सोडून दिलं. या वाक्यावरच चर्चा चालू राहिली.

शुक्रवार

कोडिंगच्या, म्हणजे समालोचनातली वाक्यं ठरलेल्या रकान्यांत टाकण्याच्या, खोलीत भांडण. एका खेळाडूबद्दल समालोचकाने म्हटलं होतं, "हा वेग शिकवून येत नाही, तो रक्तातच लागतो." एका विद्यार्थ्याने ते वाक्य 'कौशल्याची स्तुती' या रकान्यात टाकलं, दुसऱ्याने 'शरीराची स्तुती' या रकान्यात. दोघं अगदी हमरीतुमरीवर आले. मला मनातून बरं वाटत होतं, कारण या विषयातली सगळ्यात मोलाची मेहनत हीच आहे आणि बाहेरून ती कुणालाच दिसत नाही.

कुणाचा वेग उपजत आणि कुणाचा मेहनतीचा, कुणाची 'ताकद' आणि कुणाची 'समज', ही वाटणी निरागस नसते. अमेरिकन फुटबॉलच्या समालोचनात गोऱ्या आणि काळ्या खेळाडूंना वेगवेगळी मापं लावली जातात, हे रेनविल आणि मॅकॉर्मिक यांनी १९७७ मध्येच दाखवलं होतं. समालोचक मुद्दाम दुजाभाव करतो असं त्यात गृहीत नाही. त्याला बिचाऱ्याला काही सेकंदांत बोलायचं असतं, आणि जिभेवर आधीपासून जे बसलेलं असतं तेच बाहेर पडतं. असं एक वाक्य ऐकून काहीच सिद्ध होत नाही. शेकडो वाक्यं, कुणी कुणाबद्दल म्हटली ते न चुकता नोंदवून, एकाच नियमाने मोजावी लागतात. हे सांगायला सोपं, पण करताना डोळे भरून येतात.

म्हणून दोघांनी वेगवेगळं बसून, एकमेकांशी न बोलता, तीच वाक्यं वर्गवारीत टाकायची. मग दोघांचं किती जुळलं ते पाहायचं, आणि त्यातून नुसत्या योगायोगाने जुळेल तेवढा भाग वजा करायचा. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला 'कॅपा' हा आकडा हेच करतो. आकडा कमी आला तर दोष मुलांचा नाही, माझ्या नियमाचा. नियम पुन्हा लिहायचा, पुन्हा सुरुवात करायची.

दोघांतला एक त्या संघाचा कट्टर चाहता आहे, म्हणून दुसरा त्याला टोचून बोलला. मग त्यांना हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल यांचा १९५४ चा निबंध वाचायला दिला. १९५१ मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांत अमेरिकन फुटबॉलचा एक भलताच धसमुसळा सामना झाला होता. एकाचं नाक मोडलं, एकाचा पाय. नंतर दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्याच सामन्याची तीच फिल्म दाखवून नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या मुलांना आपल्या संघाचे जेवढे नियमभंग दिसले, त्याच्या दुपटीहून जास्त प्रिन्स्टनच्या मुलांना दिसले. कुणीही खोटं बोलत नव्हतं. चाहता असणं हा गुन्हा नाही, मीही आहे. पण चाहत्याने एकट्याने मोजू नये.

शनिवार, रात्री

झोप येत नाही, तेव्हा लॉस एंजेलिसच्या त्या अभ्यासाबद्दल लिहून ठेवते. माझ्या लेखी आमच्या क्षेत्रातलं हे सगळ्यात मोठं काम आहे.

मायकल मेसनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये तिथल्या दूरचित्रवाणी वाहिन्यांच्या क्रीडा बातम्या मोजल्या. महिलांच्या खेळांना किती वेळ मिळतो? सुमारे ५ टक्के. मग साधारण दर पाच वर्षांनी तेच पुन्हा मोजलं. पुढे शेरिल कुकी यांनी त्यात मोठी धुरा वाहिली. १९९९ मध्ये आकडा ८.७ पर्यंत चढला, सगळ्यांना वाटलं आता वाट मोकळी झाली. २००९ मध्ये तो १.६ वर आला. २०१४ मध्ये ३.२, आणि २०१९ मध्ये ५.१. तीस वर्षांनी गाडी जवळजवळ जिथल्या तिथे. मधल्या काळात खेळणाऱ्या मुलींची संख्या वाढत होती, त्यांची मैदानं भरत होती. 'हळूहळू सुधारेल' हे सगळ्यांचं ठरलेलं वाक्य या मोजणीपुढे टिकत नाही. एकदाच मोजून थांबले असते तर हे कळलंच नसतं. अनुदान मिळो न मिळो, कुणी टाळ्या वाजवो न वाजवो, त्याच खुर्चीत बसून पुन्हा त्याच रकान्यांत आकडे भरणाऱ्या माणसांबद्दल मला अपार आदर वाटतो.

याच कामातली दुसरी गोष्ट मला अनेक दिवस छळते आहे. १९९३ मध्ये मेसनर, डंकन आणि जेन्सन यांनी टेनिसच्या समालोचनात नावं मोजली होती. स्त्री खेळाडूंचा उल्लेख निम्म्याहून अधिक वेळा नुसत्या पहिल्या नावाने, पुरुषांचा दहातून एकदाही नाही. अशा गोष्टी मोजता येतात. तेव्हाचे पाचकळ विनोदही मोजता येत होते. पण २०१७ मध्ये मस्टो, कुकी आणि मेसनर यांनी लिहिलं, की आता विनोद बहुतेक गेले आणि त्यांच्या जागी निरुत्साह आला. पुरुषांच्या सामन्याला चढता आवाज, विशेषणांची आतषबाजी. महिलांच्या सामन्याला कोरडी माहिती, कुणाला बोट ठेवता येऊ नये इतकी सभ्य. ऐकणारा मात्र मनाशी ठरवतो, की हा खेळच कंटाळवाणा आहे. हॉकीच्या त्या प्रयोगाचंच हे दुसरं टोक.

हा निरुत्साह मोजायचा कसा? शब्दांत तो पकडता येत नाही, तो आवाजात आहे.

रविवार

बुधवारची ती मुलगी भेटायला आली होती. तिला समालोचक व्हायचं आहे. म्हणाली, हे सगळं ऐकल्यापासून मॅच बघताना तोंड उघडायची भीती वाटते. तिची काळजी खरी आहे, ती मी थट्टेवारी नेली नाही. तिला एकच सुचवलं. एका पुरुषांच्या आणि एका महिलांच्या सामन्याचं आवाज बंद करून स्वतः समालोचन करायचं, ध्वनिमुद्रित करायचं, उतरवून काढायचं आणि आमच्याच रकान्यांत टाकायचं. मोजणारी दुसरी कुणीतरी. चांगला समालोचक व्हायला याहून वेगळी शाळा मला माहीत नाही. ती लगेच तयार झाली.

ती गेल्यावर आवाजाच्या प्रश्नाला वाट सापडल्यासारखी वाटली. मानसशास्त्रात एक जुनी युक्ती आहे. ध्वनिमुद्रणातले वरच्या पट्टीतले ध्वनी गाळले की शब्द कळेनासे होतात, पण चढउतार आणि ठेका ऐकू येतो. गोलच्या क्षणांचे असे तुकडे, कुणाचा सामना ते न सांगता, दुसऱ्या विभागाच्या विद्यार्थ्यांना ऐकवायचे आणि विचारायचं, बोलणारा किती रंगला आहे? अडचण प्रेक्षकांच्या गोंगाटाची. भरलेलं स्टेडियम मागे गर्जत असेल तर सामना कोणता ते लगेच ओळखू येईल, आणि समालोचकाचा आवाज त्याने चढला की खेळाने, तेही सांगता येणार नाही. म्हणजे गोंगाटाविना नुसता समालोचनाचा वेगळा ट्रॅक हवा, आणि तो प्रक्षेपण करणाऱ्या वाहिनीकडेच मिळणार.

आमच्या मुलांना तिथेच इंटर्नशिप लागते, हे मला ठाऊक आहे. या विषयात प्रत्येक विभागाला ही तारेवरची कसरत करावी लागते, ज्यांच्याकडे दार ठोठवायचं त्यांचंच बोलणं तपासायचं. तरी मागणार आहे. पत्रात प्रयोगाचा हेतू स्पष्ट लिहीन, निष्कर्ष छापण्याआधी त्यांना वाचायला देईन, बदलायला देणार नाही. मसुदा झाला आहे. विभागप्रमुखांची सही उद्या दुपारी घ्यायची, आणि ट्रॅक मिळालाच नाही तर रेडिओवरचं समालोचन तरी वापरता येईल का, ते ध्वनिमुद्रण शिकवणाऱ्या सहकाऱ्याला विचारायचं.