गाडीचं चार्जिंग आणि दुसऱ्या मीटरची रखडपट्टी

शोरूमवाला सांगतो, इलेक्ट्रिक गाडी रुपयात किलोमीटर पळते. खोटं नाही. पण कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेमुळे (महिन्याला २०० युनिटांच्या आत, घराला ठरवून दिलेल्या कोट्यापर्यंत वीज फुकट) ज्यांचं बिल शून्य येतं, त्यांनी हा हिशेब आपल्या मीटरवर मांडून बघावा.

बेळगाव-खानापूर रोजची ये-जा धरली की महिन्याला हजारेक किलोमीटर होतात. छोटी गाडी युनिटला सातेक किलोमीटर जाते, चार्जिंगमध्ये दहा-बारा टक्के वीज वाया जाते. म्हणजे मीटरवर १६० युनिट. घरचे ११० मिळवले की २७०. आणि २०० ओलांडले की नुसत्या वरच्या युनिटांचं नाही, त्या महिन्याचं अख्खं बिल भरावं लागतं. सगळे कर धरून युनिटला सात रुपये लावा: गाडीचे ११२० आणि आजवर फुकट असलेले घराचे ७७०, वर फिक्स्ड चार्ज. किलोमीटरला दोन रुपये झाले की! पेट्रोलच्या सहापेक्षा कमीच, पण रुपया नव्हे.

उपाय म्हणजे गाडीसाठी वेगळं मीटर, ईव्ही म्हणजे इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जिंगच्या दरात. इथेच माझं घोडं अडलं. वीज कंपनीच्या सेक्शन ऑफिसात पहिला प्रश्न, ‘घरात मीटर आहे, दुसरं कशाला?’ अर्ज घेतला तो साध्या घरगुती कनेक्शनचा. ईव्हीचा प्रकार लिहून घ्यायला साहेबांची सही, आणि साहेब कायम साईटवर. मग निघालं की जुना आरआर नंबर (बिलावरचा ग्राहक क्रमांक) अजून वडिलांच्या नावावर. आधी नाव बदला. त्याला मृत्यूचा दाखला, घराचा उतारा, घरपट्टीची पावती आणि बाकीच्या वारसांचं स्टँप पेपरवरचं संमतीपत्र. हे सगळं एकदम सांगतील तर शपथ! एक कागद द्या, मग पुढचा सुचतो. फॉर्म कन्नडमध्ये, तो लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरकडूनच भरून घ्या. वायरिंगचा रिपोर्ट तसाही त्याचाच लागतो. आणि अर्ज जमा झाल्याचा इनवर्ड नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तो नसला की ‘फाईल दिसत नाही’ हे ऐकावं लागतं. मी तेच ऐकत होतो.

नाव बदलायचं काम गाडी बुक करतानाच उरकून टाका. महिन्याला तीनशे किलोमीटरच फिरणार असाल, तर या भानगडीत पडूच नका. पन्नास युनिटांनी २०० ओलांडत नाहीत. ठरलेल्या कोट्यावरचेच तेवढे भरायचे.

वायरिंगचं राहिलंच. ३.३ किलोवॅटचा चार्जर सात-आठ तास सलग १४-१५ अँपिअर ओढतो. गिझरच्या जुन्या सॉकेटचा स्क्रू ढिला असला तर सॉकेटच वितळतो. मीटरपासून वेगळी ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, २० अँपिअरचा एमसीबी (लोड जास्त झाला की पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा). न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये मल्टिमीटरवर दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर चार्जर लाल दिवा लावून बसू शकतो. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकला की हमखास, तेव्हा त्यात पाणी ओतत जा. हा सॉकेट इन्व्हर्टरच्या लाईनवर मात्र देऊ नका, लाईट गेली की इन्व्हर्टर ओव्हरलोड होऊन बंद पडेल.