इस्त्रीवरचं मॉड्यूल: दोष शेवटी ठोकळ्याचा निघाला

एक बाजू गरम, दुसरी थंड ठेवली की वीज देणारं थर्मोइलेक्ट्रिक मॉड्यूल मी इस्त्रीवर तापवून बघतोय. मागच्या वेळी १.९ व्होल्टवर अडकलो होतो. काल रात्री २.९ आले! मॉड्यूल तेच, इस्त्री तीच, थंड बाजूच्या धातूच्या ठोकळ्यातून पाणी फिरवणारा बादलीतला फिशटँकचा पंपही तोच.

गणित पहिल्या दिवसापासून खुपत होतं. अर्धवाहकांच्या १२७ जोड्यांचं मॉड्यूल अंशामागे साधारण ०.०५ व्होल्ट देतं. गरम प्लेट ११०, थंड ठोकळा ४० (ऐरोलीच्या उकाड्यात याहून खाली जातच नाही), म्हणजे साडेतीनच्या आसपास दिसायला हवेत. १.९ चा अर्थ मॉड्यूलच्या वाट्याला जेमतेम ३८ अंश. उरलेले ३२ गेले कुठे?

आधी मॉड्यूल आणि ठोकळ्यामधे लावायच्या, उष्णता वाहून नेणाऱ्या पेस्टवर संशय घेतला, महागडी ट्यूब आणली. ढिम्म फरक नाही. मग बोल्ट. साध्या लोखंडी बोल्टमधून उष्णता थेट थंड बाजूला पळते, म्हणून स्टेनलेसचे घातले, खाली बेकेलाइटचे वॉशर. २.१ वर गाडी पुन्हा रुतली.

शनिवारी वैतागून मॉड्यूल आणि ठोकळ्याच्या मधे पांढरा कागद नि कार्बन पेपर सरकवला आणि बोल्ट आवळले. ठसा उमटला फक्त दोन कडांना, मधे कोरं! स्टीलची पट्टी आडवी धरून उजेडाकडे पाहिलं, तर खालून केस जाईल एवढी फट. तुर्भ्याच्या भंगारातला ठोकळा मधे खोल होता, आणि मी ती खोली पेस्टने भरत बसलो होतो. पेस्ट म्हणजे खड्डे बुजवायची लांबी नव्हे, हे कळायला तीन आठवडे लागले.

जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवला. २२०, ४००, मग ८००, वर थेंबभर पाणी, आणि इंग्रजी आठच्या आकड्यात घासायचं. ठोकळ्यावर आधी मार्करने रेघोट्या मारा. मधल्या पुसल्या गेल्या की समजायचं सपाट झालं. दीड तास गेला, हात कोळशासारखे.

२.२ ओहमच्या लोडवर आता १.४५ व्होल्ट, म्हणजे जवळपास एक वॅट. आधी ०.४ होता. (मॉड्यूलचा रोध मल्टीमीटरच्या ओहम रेंजवर मोजू नका. गरम मॉड्यूल स्वतःच व्होल्टेज देतं, आकडा खोटा येतो.) आई दारातून म्हणाली, "साडेसातशे वॅटची इस्त्री तापवून एक वॅट? तेवढ्यात माझ्या दोन साड्या झाल्या असत्या."

११० च्या वर मी नेत नाही. कूलिंगसाठीचं १२७०६ नंबरचं मॉड्यूल असंच गमावलंय, त्यातला बिस्मथ-कथलाचा डाख १३८ ला वितळतो. विकणाऱ्याने पानावर बिनधास्त २०० लिहिलं होतं.

अगदी कमी व्होल्टेज वाढवून देणारी एलटीसी३१०८ चिप मागवणार होतो, आता रद्द. २० मिलिव्होल्टवर सुरू होते हे खरं, पण ती मिलिवॅटवाल्यांची चीज. एका वॅटला साधा बूस्ट बोर्ड पुरे.

थांबा, लिहिता लिहिता गच्चीवरचा सोलर हीटर आठवला. ६० अंशांचं पाणी, तेही फुकट! पाइपवर मॉड्यूल बसवलं तर फरक थोडाच मिळेल, पण तिथे तीच चिप कामाची. म्हणजे ऑर्डर रद्द करणं रद्द. सोसायटीच्या सेक्रेटरींना काय सांगायचं ते बघू. शिवाय पाइप गोल आणि मॉड्यूल सपाट, तेव्हा मधे खाचेचा ठोकळा आला, आणि पुन्हा घासणं आलं.